जुन्या मारुती ८००चं ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं करून बघा

गाडीखाली काळा डाग दिसला की बहुतेकांकडून दोनपैकी एक चूक होते. एक तर दहाचा पाना घेऊन दिसेल तो बोल्ट आवळला जातो. नाहीतर गाडी गॅरेजला लावून ‘सील गेलं असेल, बघा’ म्हणून माणूस मोकळा होतो. गळतंय कुठून, हे दोन्हीकडे कुणी बघितलेलंच नसतं.

माझ्या १९९७च्या कार्ब्युरेटरवाल्या आठशेला एका गॅरेजने ‘मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं होतं. क्रँक सील म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी कडी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल निथळत होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. सुदैवाने कामाची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. तेवढ्यात इंजिन धुऊन बघितलं, तर निघाली डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा भाग) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. वडापाव-चहाच्या पैशातली वस्तू. काढताना तिचे तीन तुकडे झाले, इतकी ती कडक झाली होती.

पुढचं सगळं याच कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाबद्दल आहे: एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. जुन्या ओम्नीतही हेच आहे, फक्त ते सीटखाली असल्यामुळे वाकायची दिशा बदलते. शेवटच्या आठशे २०१४च्या सुरुवातीला तयार झाल्या, म्हणजे कुठल्याही आठशेचं कंपनीतून आलेलं रबर आज दहा वर्षांच्या पुढचंच आहे. तेव्हा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाझर सापडला तर दचकू नका.

## टप्पा १ : गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवा. पुढचं चाक कुठे येतं आणि गिअरबॉक्स कुठल्या बाजूला, हे पेनाने पुठ्ठ्यावर लिहा. सकाळी थेंबाला बोट लावून बघा.

तपकिरी-काळं आणि सरसरीत असेल तर इंजिन ऑइल. घट्ट, चिकट आणि नाक मुरडायला लावणारा गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं, किंचित गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. ते चाखून बघू नका, विषारी असतं. उन्हाळ्यात एसीचं साधं पाणी बघूनही लोक घाबरतात.

आता ऑइलची पट्टी (डिपस्टिक) काढून लेव्हल बघा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल तर थांबा आणि पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. मग पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरतं, ऑइल पातळ होतं आणि एरवी न गळणाऱ्या जागाही पाझरू लागतात. अशा वेळी आधी पंप, मग नवं ऑइल, आणि गळतीचा शोध त्यानंतर. तोवर ती गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

सावधान: चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर जिथे असाल तिथे इंजिन बंद करा. सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल पडून धूर किंवा जळका वास येत असेल तरी ‘रविवारी बघू’ म्हणू नका. ते आगीचं काम आहे.

## टप्पा २ : सामान जमवा

अर्ध्यावर उठून दुकानात जावं लागलं की चुका होतात. आधीच गोळा करा:

- ८, १०, १२, १४च्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेंशन, जमल्यास कमी रेंजचा टॉर्क पाना
- डिग्रीजर, जुना टूथब्रश, दोन इंची रंगाचा ब्रश, भरपूर कोरडी फडकी
- प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड
- टॉर्च, दाढीचा छोटा आरसा, मोबाइल
- जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड)
- ऑइल झेलायला पसरट घमेलं
- टाल्कम पावडर

पॅकिंग आणि सील मात्र आत्ता आणू नका. गळती सापडायच्या आधी आणलेला संच माणसाला नको तिथे हात घालायला लावतो. मी हे करून बसलोय.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. घोड्या नसतील तर खालून बघायचं काम गॅरेजच्या लिफ्टवरच करा. विटांचे थर म्हणजे घोडी नव्हे. वीट भाराखाली अचानक फुटू शकते.

## टप्पा ३ : धुणं. अर्धं काम इथेच आहे

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात आणि मग चुकीचा भाग बदलतात. वीस वर्षांची काळी साय इंजिनावर बसलेली असताना ताजं ऑइल कुठून येतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

१. इंजिन थंड होऊ द्या. हात ठेवून पाच मोजता आले पाहिजेत.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

३. डिस्ट्रिब्युटर, इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड पिशव्यांनी बांधून टाका. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं तर गाडी चालू होणार नाही, आणि दिवसभर तुम्ही भलताच बिघाड शोधत बसाल.

४. जाड थर लाकडी चमच्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून घमेल्यात घ्या. तो गटारात सोडू नका.

५. डिग्रीजर खालून वर लावत जा आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या. ब्रश टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) कडेला, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ऑइल प्रेशर स्विचभोवती आणि चेंबरच्या जोडावर नीट फिरवा.

६. मगने किंवा साध्या नळीने वरून खाली पाणी सोडा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा नको. तो सीलच्या ओठातून पाणी आत ढकलतो.

७. गरज पडली तर पुन्हा एकदा. मग फडक्याने टिपून उन्हात पूर्ण वाळू द्या.

पेट्रोलने इंजिन धुणारे अजूनही भेटतात. करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि तिला एक ठिणगी पुरते. रॉकेल-डिझेल तुलनेने बरं, पण त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं केल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

तपासा: पांढरं फडकं टॅपेट कव्हरच्या कडेवरून आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून फिरवा. काळं झालं तर अजून धुवायचंय.

## टप्पा ४ : शोध

ठिबकतं तिथेच गळत असेल, असं नाही. ऑइल उताराने खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून चेंबरच्या ड्रेन बोल्टवर लोंबणारा थेंब टॅपेट कव्हरपासून निघालेला असू शकतो. शोधायची ती सर्वात वरची, सर्वात पुढची ओली जागा.

पिशव्या काढा, बॅटरी जोडा आणि गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवा. टॉर्चने वरून खाली बघत या. बाही दुमडा, ओढणी किंवा मफलर लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो न सांगता सुरू होतो. बोटं तिथून दूरच. काही दिसलं नाही तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच बघा. गरम ऑइल पातळ असतं, दाबही खरा असतो.

तरीही संशय असेल तर इंजिन थांबवून संशयित जागेवर टाल्कम पावडर मऊ ब्रशने भुरभुरवा. बेल्टवर आणि एअर क्लीनरच्या तोंडाजवळ उडवू नका. पुन्हा चालवा. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ उमटते, तिचं वरचं टोक म्हणजे गळती. हट्टी केसमध्ये इंजिन ऑइलसाठीचा चमकणारा रंग मिळतो. तो ऑइलमध्ये घालून एक-दोन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात जांभळ्या यूव्ही टॉर्चने बघायचं. पण दहात नऊ वेळा पावडरीवर काम भागतं.

आठशेत कुठे काय दिसतं:

- इंजिनाच्या भिंती वरपासून ओल्या, जळका वास: टॅपेट कव्हरचं पॅकिंग.
- गिअरबॉक्सच्या बाजूला हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) टोकापासून ओघळ: डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग किंवा त्याच्या गिअर केसचं पॅकिंग. हा ओघळ बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतो, आणि मागच्या सीलचा आळ इथूनच येतो.
- पेट्रोल पंपाच्या बुडाशी: तिथलं पॅकिंग.
- ऑइल प्रेशर स्विचची वायर किंवा टोपी आतून ओली: स्विचच पाझरतोय.
- टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेतून: कॅमचं किंवा क्रँकचं पुढचं सील.
- वरचं सगळं कोरडं, आणि फक्त जोडाच्या खालून थेंब: तेव्हा, आणि तेव्हाच, मागचं क्रँक सील. तिथेही वास घ्या. गंधकाचा असेल तर ते गिअरबॉक्सचं ऑइल आहे.

### ब्रीदर बघितल्याशिवाय पॅकिंगला हात लावू नका

ब्रीदर म्हणजे टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा रबरी पाइप. तो काढून फुंका. चिकट गाळाने तो तुंबला असेल तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब बाहेर पडायला सगळ्यात कमजोर पॅकिंग शोधतो. तुम्ही पॅकिंग बदलता, महिन्याभरात ते पुन्हा पाझरतं, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

पाइप साफ करून जोडा. मग आयडलवर ऑइल भरायचं टोपण उघडून त्याच भोकावर सैल ठेवा. ते जरासं थरथरेल, तेवढं चालतं. पण उड्या मारून पडत असेल आणि भोकातून धुराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. अशा इंजिनाला नवी पॅकिंग लावत राहणं म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून रंग देणं.

## टप्पा ५ : दुरुस्ती, वरून खाली

एका वेळी एकच जागा. ती झाली की पुसून, चालवून बघायचं, मग पुढची. खालचं काम आधी केलंत तर वरून येणारं ऑइल त्याचा निकाल कळू देणार नाही.

### टॅपेट कव्हर

एअर क्लीनर आणि ब्रीदर पाइप बाजूला काढा. आड येणाऱ्या प्रत्येक पाइपाचा आणि वायरचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. बोल्ट सैल करून कव्हरला तळहाताने बाजूने थापटा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकलंत तर कडेला जो ओरखडा पडेल, तिथून कायमचा पाझर.

उघडल्यावर हेडच्या आत काही पडू देऊ नका. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. पत्र्याचं कव्हर काचेवर पालथं ठेवून बघा. मागे कुणी जोर लावून आवळलं असेल तर बोल्टच्या भोकांशी ते आत दबलेलं दिसेल आणि मधे फट असेल. लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून ती सरळ करा.

नवं पॅकिंग कोरडं बसवा. सिलिकॉनची गरज फक्त जिथे दोन भागांचा जोड येतो तिथे, तेही तुरीच्या दाण्याएवढं. बोल्टखालची रबरी वॉशर नवी टाका. ती विसरली की पॅकिंग नवं असूनही बोल्टच्या बुडातून गळतं.

मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळा. ताकद किती? फक्त ४ ते ५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटी रॅचेट डोक्याशी धरून तीन बोटांनी जेवढं आवळतं तेवढंच. ‘अजून अर्धा फेरा, सेफ्टीसाठी’ हा या इंजिनातल्या निम्म्या गळत्यांचा जन्मदाखला आहे.

### डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग

१. टोपी काढा. रोटर कुठे बघतोय त्याची मार्करने खूण करा.

२. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून त्याच्या बैठकीपर्यंत सरळ रेघ मारा. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) याच रेघेवर परत येणार आहे.

३. बोल्ट काढून सरळ बाहेर ओढा. गिअरचे दात तिरके असल्याने रोटर थोडा फिरेल. थांबला तिथे दुसरी खूण करा.

४. ओ-रिंग टोकदार लाकडी काडीने काढा, खाच पुसा, नवीला ऑइल लावून बसवा.

५. बसवताना रोटर दुसऱ्या खुणेवर धरा. आत जाताना तो फिरून पहिल्या खुणेवर यायला हवा. नाही आला तर बाहेर काढून एक दात पुढे-मागे करा.

हे सगळं होईपर्यंत कुणीही चावी फिरवायची नाही, गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही. चावी खिशात ठेवा. शेवटी टायमिंग लाइट लावून तपासून घ्या. तो नसेल तर एवढ्यापुरतं गॅरेजला जा.

### छोटी कामं

पेट्रोल पंपाखाली एक जाड ठोकळा असतो, तो मूळचाच परत लावा. जाडी बदलली तर पंपाच्या दांड्याची चाल बदलते. ऑइल प्रेशर स्विच नवा टाका, दुरुस्त होत नसतो. ड्रेन बोल्टची वॉशर प्रत्येक ऑइल बदलीला नवी.

फिल्टरची एक चूक मात्र सांगायलाच हवी. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात, आणि इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांत ऑइल खाली येतं. या इंजिनात ऑइल असतंच तीन लिटरच्या आसपास. फिल्टर काढल्यावर ती जागा बोटाने चाचपा. नव्या रिंगला ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हातानेच पाऊण फेरा.

### चेंबर

खडबडीत रस्त्यावर चेंबर आपटलेला असतो, म्हणून कडा आधी बघा. ऑइल काढा, बोल्ट सोडा, रबरी हातोडीने थापटून चेंबर उतरवा. कड सरळ करा आणि दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही राहणार नाही असे पुसा.

सिलिकॉनची रेघ साधारण ३ मिमी, अखंड, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. बाहेर दिसणारा सिलिकॉनचा जाड मणी बघून लोक खूश होतात. तेवढाच मणी आतही आलेला असतो. तो सुटून ऑइलच्या जाळीला चिकटला की पंपाला ऑइल ओढता येत नाही, आणि इंजिन जाम होतं. गळती बंद, इंजिनही बंद.

बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर, ९ ते १२ न्यूटन मीटर. ऑइल भरायच्या आधी ट्यूबवर लिहिलेला सुकायचा वेळ पाळा. मी एक रात्र ठेवतोच.

### पुढची सीलं

इथे टायमिंग बेल्ट निघतो. खुणा जुळवून बसवायचा अनुभव नसेल तर हे काम बाहेर द्या, पण देताना दोन गोष्टी सांगा. कॅमचं आणि क्रँकचं सील दोन्ही बदला, आणि ऑइलने भिजलेला बेल्ट पुसून परत लावू नका. स्वतः करत असाल तर सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. नव्याच्या ओठाला ऑइल लावा आणि ते जुनं होतं तेवढ्याच खोलीवर, सरळ बसवा.

### मागचं क्रँक सील

वरचं सगळं कोरडं करून, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवूनही जोडाखाली ताजं इंजिन ऑइल येत असेल तरच. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या. ऑइल लागलेली प्लेट घसरते, आणि त्याच मजुरीत ती बदलून होते.

दुकानात ‘गळती थांबवणारं औषध’ मिळतं. ते रबर फुगवतं. ते विकायच्या गाडीत घालतात, ठेवायच्या गाडीत नाही, एवढंच माझं मत. घट्ट ऑइल भरण्याचंही तसंच: थेंब कमी होतात, पण सकाळी थंड इंजिनात वरच्या टॅपेटपर्यंत ऑइल उशिरा पोचतं.

## टप्पा ६ : खात्री

ऑइल भरा, दोन मिनिटं चालवा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. मग दहा मिनिटं थांबून पट्टी बघा आणि कमी असेल तेवढं भरा. केलेल्या प्रत्येक जोडावर पांढरं फडकं फिरवा.

दहा किलोमीटर चालवून पुन्हा फडकं. रात्री नवा पुठ्ठा, तारीख घालून. पहिल्या दिवशी एक-दोन थेंब पडले तर लगेच पाना उचलू नका. कोपऱ्यांत अडकलेलं धुण्याचं तेल आणि पाणी उतरत असतं. तिसऱ्या रात्रीही त्याच जागी थेंब असेल तर शोध पुन्हा टप्पा ४पासून.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बुचाचं असेल तर शंभर-दीडशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, त्याच हलक्या ताकदीने एकदा आवळा. रबराचं असेल तर हात लावू नका. आणि पुठ्ठे फेकू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला जुना पुठ्ठा नव्याशेजारी ठेवला की डाग सरकला, वाढला, की नुसताच तुमच्या शेजारच्या स्कूटरचा आहे, हे कळतं. माझ्या बाबतीत शेवटचा डाग स्कूटरचाच निघाला.